नवव्या दिवशी सुटलेला शब्द

‘ह्यांच्या आई दीड वर्षापासून अंथरुणावर आहेत. सगळं मीच बघते. जाऊबाई फोनवरून सल्ले देतात, कधीतरी फळं घेऊन येतात आणि तासाभरात निघतात. लेंटमध्ये, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळात, मी ठरवलं, चाळीस दिवस कोणाला कठोर बोलायचं नाही. नवव्या दिवशी रात्री तिसऱ्यांदा चादर बदलताना तोंडून गेलंच, “बोलवा ना आता तुमच्या लाडक्या सुनेला!” त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. चर्चच्या महिला मंडळात प्रार्थना मीच चालवते. मी ढोंगी आहे का? मंडळ सोडून द्यावं का?’

प्रिय ताई,

जय ख्रिस्त. मंडळ सोडू नका. तो प्रश्न इथेच मिटवू, कारण मंडळ सोडलं तरी रात्रीची तिसरी चादर बदलायची राहतेच.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल होती. वर त्यातला थोडाच भाग दिलाय, पण चार पानांत मिळून ‘मीच’ चौदा वेळा आलंय. आणि जिची शुश्रूषा करताय तिला सगळीकडे ‘ह्यांच्या आई’ म्हटलंय. फक्त एका ठिकाणी, तुमच्या पहिल्या बाळंतपणात त्या रात्रभर उशाशी बसून होत्या तिथे, नुसतं ‘आई’ लिहून गेलात. ते काही ठरवून लिहिलं नसणार. म्हणूनच मला ते महत्त्वाचं वाटतं.

बायबलमधल्या लूक 15 मधला थोरला भाऊ आठवा. धाकटा सगळं उधळून घरी परततो आणि बाप त्याच्यासाठी मेजवानी देतो, ती गोष्ट. उधळ्या पुत्राच्या गडबडीत त्याच्याकडे आपलं लक्षच जात नाही. तो बापाला म्हणतो, ‘हा तुमचा मुलगा’. ‘माझा भाऊ’ म्हणायला त्याची जीभ रेटत नाही. बाप त्याला समजावताना नेमका तेवढा शब्द बदलतो: ‘हा तुझा भाऊ’. या थोरल्याने एकही आज्ञा मोडली नव्हती. वर्षानुवर्षं राबला, आणि राबता राबता मनात हिशेब मांडत गेला. आपल्याला कधी एक करडूसुद्धा मिळालं नाही, हे त्याला तोंडपाठ होतं. शेतात होता तोवर कुणाला पत्ता नव्हता. घरात वाजंत्री वाजली आणि सगळं बाहेर आलं. तुमच्याकडे जाऊबाईंचा फोन वाजतो, एवढाच फरक.

मनात जे भरलेलं असतं तेच तोंडावाटे निघतं, हे प्रभूचं बोलणं (मत्तय 12:34) आपण बहुतेक वेळा दुसऱ्याला सुनावण्यासाठी वापरतो. याकोबाच्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायाचंही तेच. जीभ म्हणजे आग, हे सगळ्यांना पाठ असतं. पण 8व्या वचनात तो सरळ सांगून टाकतो की जिभेला कोणी माणूस वश करू शकत नाही. मला त्यात दटावणीपेक्षा दिलासा जास्त दिसतो. तुम्ही नऊ दिवस तोंडावर पहारा ठेवलात आणि आत हिशेबाची वही चालूच राहिली. नवव्या नाही तर एकोणिसाव्या दिवशी ती उघडणारच होती.

त्या वहीतलं सगळं खोटं आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. एकीने रात्री जागायचं आणि दुसरीने फळं आणायची, हा अन्यायच आहे. पण राग जाऊबाईंवर, थोडा मिस्टरांवरही असावा (चार पानांत ते फक्त ‘ह्यांच्या’ या एका शब्दापुरते येतात!), आणि ऐकून घेतलं कोणी? जिला उठून खोलीबाहेर जाता येत नाही तिने.

मंडळात कोणी ‘कशा आहात?’ विचारलं की तुम्ही ‘प्रभूची कृपा’ म्हणत असाल. खोटं नाही ते, पण कधीकधी ते दाराला कडी लावल्यासारखं असतं. मग साचलेलं जाणार कुठे? स्तोत्र 13 काढून वाचा. दावीद सुरुवातच करतो ‘किती वेळ?’ या प्रश्नाने, आणि तो चार वेळा विचारतो. आधी देवापाशी असंच बोला, जाऊबाईंचं नाव घेऊन, शब्द न सजवता. तिथे कोणी दुखावत नाही.

मग मिस्टरांना जवळ बसवून जाऊबाईंना फोन करा. टोमणा नको, ‘तुम्हाला काय कळणार’ नको. ‘आठवड्यातल्या दोन रात्री तुम्ही याल का?’ एवढंच. त्या नाही म्हणतीलही. मग पैसे देऊन रात्रीची बाई ठेवायची का, हे दोन्ही भावांनी मिळून ठरवावं. ते एकट्या तुमच्या डोक्यावर नको.

आणि सासूबाईंची माफी मागायची राहिली आहे. ती आजच मागा, फोनच्या आधी. ‘मी तसं बोलायला नको होतं.’ पुढे ‘पण’ आणू नका. ‘पण मी थकले होते’ म्हटलंत की माफी पुन्हा त्यांच्याच खात्यावर पडते. त्या लगेच काही बोलणार नाहीत कदाचित. चालेल. पाणी द्या, उशी नीट करा, आणि हाक मारताना जमलं तर पत्रात एकदा लिहिलंत तसं, नुसतं ‘आई’ म्हणा.