हिवाळ्यात डोंगरातल्या छोट्या गावी गाडीने एका दिवसात जाऊन यायचं आहे. परतीला किती वाजता निघावं?

सूर्यास्ताच्या निदान दोन तास आधी निघा आणि जाण्याची वेळ त्यावरून उलटी मोजा. दिवसा वितळलेलं पाणी ऊन सरताच रस्त्यावर गोठतं. तो पातळ, पारदर्शक थर नुसत्या ओल्या डांबरासारखा दिसतो. पूल आणि सावलीतली वळणं आधी गोठतात. उंचीगणिक हवा गार होते, दर 1000 मीटरला साधारण 6 अंशांनी, त्यामुळे पायथ्याच्या तापमानावर विसंबू नका. उतारावर खालचा गिअर, ब्रेक हलकेच. टाकी चढण्यापूर्वीच भरा, वर पंप असेलच असं नाही. मात्र आकाश निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर गार हवा दरीत साचते. तेव्हा वरच्यापेक्षा खालचाच रस्ता जास्त निसरडा असू शकतो.