अमिताव घोष यांच्या कादंबऱ्यांवरची कोणती समीक्षा वाचावी?

तुम्ही मुंबईहून विचारलंय की एम. ए.च्या शोधनिबंधासाठी इंग्रजीतून लिहिणारे भारतीय कादंबरीकार अमिताव घोष घेतलेत, समीक्षेची पुस्तकंही बरीच चाळलीत, पण सगळीकडे सीमा, स्मृती, स्थलांतर आणि संस्कृतिसंगम हेच फिरून फिरून येतं. मग वाचावं काय, आणि त्यातून स्वतःचं म्हणणं कसं उभं करावं? मी इंग्रजी साहित्य शिकवते आणि घोष वर्गात बरीच वर्षं शिकवत आले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

माझं मत विचाराल तर घोषांची वाहवा करणारी समीक्षा बेताने वाचा आणि त्यांच्याशी भांडणारी मन लावून वाचा. मात्र ती वाचताना कादंबरी शेजारी उघडी ठेवा. समीक्षकाने आरोप केला की ज्या पानाच्या जोरावर केला ते पान काढून पाहायचं. तुमचा निबंध तिथेच सुरू होईल.

तोंडओळखीसाठी जॉन हॉली यांचं 2005 मधलं छोटं पुस्तक पुरेसं आहे. अंशुमन मंडल यांचं 2007 मधलं पुस्तक त्याहून कसदार. एकच पुस्तक घ्यायचं असेल तर ते घ्या. ताबिश खैर आणि ब्रिंदा बोस यांनी प्रत्येकी एक असे संपादित केलेले दोन लेखसंग्रह 2003 मध्ये आले, चित्रा शंकरन यांचा 2012 मध्ये. हे संग्रह सलग वाचण्याचे नव्हेत, तुमच्या कादंबरीवरचे लेख तेवढे निवडा. चर्चासत्रांतून निघणारे जाडजूड ग्रंथ मात्र सरळ बाजूला ठेवा. त्यांत एकाच्या लेखातलं वाक्य दुसऱ्याच्या लेखात जसंच्या तसं सापडतं.

आता भांडणाकडे येते. 'द शॅडो लाइन्स' 1988 ची, तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि तेव्हापासून ती अभ्यासक्रमांत आहे. 1995 मध्ये ऑक्सफर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने तिची विद्यार्थ्यांसाठी आवृत्ती काढली. तिच्या शेवटी चार लेख आहेत: ए. एन. कौल, सुवीर कौल, मीनाक्षी मुखर्जी आणि राजेश्वरी सुंदर राजन यांचे. कुठल्याही ग्रंथालयात मिळाली तर ही आवृत्ती सोडू नका. मीनाक्षीताई कादंबरीतल्या जागा आणि सनावळ्या किती काटेकोर आहेत ते दाखवतात. ए. एन. कौल मात्र कादंबरीवर सरळ तुटून पडतात. त्यांचा आक्षेप थोडक्यात असा: राष्ट्रं आणि त्यांच्या सीमा हे राजकीय वास्तव आहे, घोष ते सावलीसारखं पुसट करून टाकतात, आणि मग हातात उरते ती धूसर, रोमँटिक आत्ममग्नता.

हा आरोप हलका नाही. तो तपासायचा तर कादंबरीतली नकाशाची पानं काढा. ढाक्यात जानेवारी 1964 च्या दंगलीत निवेदकाचा काका त्रिदीब मारला गेला. त्याच काळात कलकत्त्यातही दंगल झाली होती आणि निवेदकाने लहानपणी शाळेच्या बसमधून तिची भीती अनुभवली होती. दोन्हींचं मूळ श्रीनगरला. 27 डिसेंबर 1963 ला हजरतबल दर्ग्यातून पैगंबरांचा पवित्र केस नाहीसा झाला, तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या खुलन्यात त्याच्या निषेधाच्या मोर्चातून हिंसा उसळली आणि तिथून ती पसरत गेली. मोठेपणी निवेदक दिल्लीत तीन मूर्तीच्या ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं काढून बसतो, तर आधी सापडते ती मद्रासच्या क्रिकेट कसोटीची बातमी! मग तो त्रिदीबच्या जुन्या ॲटलासवर कंपास ठेवतो. टोक खुलन्यावर, पेन्सिल श्रीनगरवर, अंतर बाराशे मैल, आणि वर्तुळ काढतो. वर्तुळाच्या आत अर्धा आशिया येतो. थायलंडमधलं चियांग माई कलकत्त्याला दिल्लीपेक्षा जवळ, चीनमधलं चेंगडू श्रीनगरपेक्षा जवळ. पण चेंगडूत काय घडलं म्हणून खुलन्यात कुणी कधी कुणाचं घर जाळलं नाही. श्रीनगरमुळे जाळलं.

मला हे पान ए. एन. कौलांच्या विरोधात साक्ष देताना दिसतं. घोष इथे सीमा पुसत नाहीत. ज्या रेषेने दोन शहरं वेगळी व्हायची होती तिनेच ती आरशातल्या प्रतिमेसारखी एकमेकांना कायमची जखडली, असं ते म्हणतात. सीमेच्या ताकदीचं याहून कठोर वर्णन मी वाचलेलं नाही. हे लेखन कुठून आलं तेही लक्षात घ्या. 1984 साली दिल्लीत शिखांची कत्तल झाली तेव्हा घोष तिथे होते. त्या दिवसांनीच आपल्याला या कादंबरीकडे नेलं, असं त्यांनी पुढे एका लेखात सांगितलं.

पण कौल पूर्ण चुकलेत असंही मी म्हणणार नाही. कादंबरीचा शेवट पाहा. एवढ्या मोठ्या सार्वजनिक हिंसेचं ओझं शेवटी निवेदक आणि त्रिदीबची इंग्रज प्रेयसी मे यांच्या एका रात्रीच्या खाजगी सांत्वनावर येऊन टेकतं. तिथे मला दरवेळी अडखळायला होतं. नकाशाच्या पानाने कौलांना दिलेलं उत्तर शेवटच्या पानांत सैल पडतं, एवढं एक निरीक्षण नीट मांडलंत तरी तुमचं प्रकरण उभं राहील.

अशीच दुसरी जागा 'इन ॲन अँटिक लँड' (1992). बाराव्या शतकात मंगळूरला राहिलेला ज्यू व्यापारी बेन यिजू, त्याचा गुलाम बोम्मा आणि 1980 च्या दशकात घोष स्वतः राहिले ती इजिप्तची खेडी यांची ती सरमिसळ. गौरी विश्वनाथन यांनी तिच्यावर लिहिताना जुन्या मिश्र संस्कृतीबद्दलच्या हुरहुरीवरच बोट ठेवलं: अशा हुरहुरीतून आजच्या धार्मिक संघर्षाला उत्तर मिळत नाही. हे वाचलंत की गावच्या इमामाशी घोषांचं कडाक्याचं भांडण होतं तो प्रसंग वाचा. दोघंही शेवटी आपल्या देशाकडे बंदुका आणि बॉम्ब किती भारी आहेत यावर येतात, आणि घोषांना स्वतःचीच शरम वाटते. विश्वनाथन यांचं म्हणणं त्यांना आधीच टोचत होतं की काय, हे तुम्ही ठरवा.

'द हंग्री टाइड' (2004) घेणार असाल तर साहित्यसमीक्षेच्या बाहेर पडावंच लागेल. पूर्व बंगालमधले निर्वासित दंडकारण्यातल्या छावण्या सोडून 1978 मध्ये सुंदरबनात मरिचझापी बेटावर आले. 1979 च्या जानेवारीत सरकारने बेटाची नाकेबंदी केली आणि मे महिन्यात त्यांना हुसकावून लावलं. आनू जलै यांचा 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'तला 2005 चा लेख वाचल्याशिवाय या कादंबरीवर एक ओळही लिहू नका. वाघांना जपण्यासाठी माणसांना कसं उणं ठरवलं गेलं, हे त्यात तिथल्या लोकांच्या बाजूने येतं. आपल्याकडे गडचिरोलीत, मुलचेरा-चामोर्शीच्या भागात, पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांच्या वस्त्या आहेत. विदर्भातल्या विद्यार्थ्यांना हा इतिहास परका वाटू नये.

या कादंबरीवरचा मला सर्वांत पटलेला आक्षेप सुंदरबनातला मासेमार फोकिर याच्याबद्दलचा आहे. नदी त्याच्याइतकी कुणाला कळत नाही, पण कथा डॉल्फिनवर संशोधन करणारी पिया आणि दिल्लीचा अनुवादक कनाई यांच्या डोळ्यांनी दिसते. वादळात पियाला अंगाने झाकून फोकिर मरतो, आणि त्याच्या माहितीवर उभ्या राहणाऱ्या प्रकल्पाला पिया त्याचं नाव देते. हा सन्मान की त्याच्या वाट्याला आलेलं गप्प राहणं तसंच पुढे चालू? मला दुसरं जास्त खरं वाटतं, आणि घोषांवर माझं मनापासून प्रेम असूनही मी वर्गात तसं सांगते.

'वसाहतोत्तर' हे लेबल वापरताना एक गोष्ट विसरू नका. 'द ग्लास पॅलेस'ला राष्ट्रकुल देशांतल्या लेखकांसाठीच्या कॉमनवेल्थ पुरस्काराच्या एका टप्प्यावर विजेती ठरवलं गेलं, तेव्हा 2001 मध्ये घोषांनी ती स्पर्धेतून मागे घेतली. आजच्या लेखनाला साम्राज्याच्या आठवणीखाली गोळा करणं त्यांना मान्य नव्हतं, आणि फक्त इंग्रजी पुस्तकांनाच प्रवेश हा नियमही. निबंधाच्या प्रस्तावनेत हे यायला हवं.

'इबिस' त्रयीवर, म्हणजे अफूच्या व्यापाराभोवतीच्या तीन कादंबऱ्यांवर, जायचं मनात असेल तर तुमचं मुंबईत असणं कामी येईल. 'रिव्हर ऑफ स्मोक'मधला बहराम मोदी मुंबईचा पारशी व्यापारी, चीनमधल्या कँटनला माळव्याची अफू विकणारा. त्याच्यावरचे सिद्धांतजड लेख वाचण्याआधी अमर फारूकी यांचं 'ओपियम सिटी' वाचा. अफूच्या पैशावर मुंबई कशी वाढली ते त्यात आहे, आणि बहरामचा पश्चात्ताप घोषांनी किती सौम्य रंगवलाय हे त्यानंतर जास्त स्पष्ट दिसतं. कोणती कादंबरी नक्की करताय ते कळवा. तिच्यावरचे नेमके कोणते दोन-तीन लेख आधी वाचावेत ते मी सांगेन.