कसारा घाटात डिझेल डस्टर बंद पडली, नाशिकचा मेकॅनिक म्हणतो टायमिंग बेल्ट गेला, इंजिन खोलावं लागेल. काय करू?

पहिलं म्हणजे आता सेल्फ मारू नका. हा बेल्ट पिस्टन आणि व्हॉल्व्हची चाल जुळवून ठेवतो; तो तुटला असेल तर प्रत्येक सेल्फला पिस्टन उघड्या व्हॉल्व्हवर आदळतो. तुटल्याची खूण अशी: सेल्फ नेहमीपेक्षा हलका, सरसर फिरतो, कॉम्प्रेशनचा ठेका येत नाही.

लगेच हेड (इंजिनचा वरचा भाग, ज्यात व्हॉल्व्ह असतात) उतरवायला होकार देऊ नका. आधी बेल्टचं वरचं कव्हर काढून बघायला सांगा. बेल्ट शाबूत असेल तर डिझेल पुरवठा, सेन्सर तपासा. तुटला किंवा दात उडाले असतील तर टायमिंग जुळवून बेल्ट चढवायचा, क्रँक (इंजिनचा मुख्य फिरणारा दांडा) पाना लावून हातानेच दोन फेरे फिरवायचा. कुठे अडला तर जोर करायचा नाही. मग प्रत्येक सिलिंडरची लीकडाउन टेस्ट, म्हणजे आत दाबाने हवा सोडून गळती बघायची. व्हॉल्व्ह वाकला असेल तर हवा इनटेक किंवा सायलेन्सरमधून फुसफुसते. तेव्हाच हेड उतरवा.

हेड उतरलंच, तर अंबड किंवा सातपूरकडच्या मशीन शॉपमध्ये तपासून घ्या. हेड गॅस्केट आणि हेड बोल्ट नवेच. जुने बोल्ट ताणलेले असतात, तिथे काटकसर नको. बेल्टसोबत टेन्शनर, आयडलर (बेल्ट ताणणाऱ्या, वळवणाऱ्या पुल्या), वॉटर पंपही बदला; बऱ्याचदा बेल्ट जातो तो यांचं बेअरिंग जाम झाल्यामुळे.

एस्टिमेट लेखी, पार्ट आणि मजुरी वेगवेगळी. जुने पार्ट परत मागा. सेकंडहँड इंजिन बसवलंत तर आरटीओत इंजिन नंबर बदलून घ्यावा लागतो, हे गॅरेजवाले सहसा सांगत नाहीत.