कॉफीच्या पाण्याने चूळ भरली तर मुलींना १०० मीटर जास्त वेगाने धावता येतं का?

तू लिहिलंस की पोलीस भरतीची तयारी चालू आहे, १०० मीटरला थोडक्यासाठी मार्क जातात, आणि धावण्याआधी कडक कॉफी तोंडात घोळवून थुंकली की वेग वाढतो असं मोबाईलवर पाहिलंस. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी शाळेत खेळ शिकवते आणि पहाटे भरतीच्या मुलींचा सराव घेते. वयाने मोठी आहे, म्हणून 'तू' म्हणते.

चूळ ही निव्वळ थाप नाही. २००४ साली सायकलपटूंवर एक प्रयोग झाला. साधारण तासाभराच्या शर्यतीत त्यांनी माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे जवळजवळ बेचव असं पिठूळ कर्बोदक, पाण्यात कालवून नुसतं तोंडात घोळवलं आणि थुंकलं. पोटात काहीच गेलं नाही, तरी त्यांची वेळ जवळपास ३ टक्क्यांनी सुधारली. पुढे २००९ मध्ये मेंदूचे स्कॅन काढले, तेव्हा तोंडात कर्बोदक आलं की मेंदूचे काही भाग जागे होतात हे दिसलं. म्हणजे जिभेवरून मेंदूला निरोप जातो, आणि मेंदू पायांना थोडी जास्त मोकळीक देतो.

कॅफीनची, म्हणजे कॉफीतल्या तरतरी आणणाऱ्या द्रव्याची, चूळ याच वाटेने आली. २०१३ च्या एका अभ्यासात सायकलवर ६ सेकंदांचे ५ स्प्रिंट, म्हणजे पूर्ण जोर लावून झपाटे, मारायला लावले होते. कॅफीनच्या चुळीने पहिल्या स्प्रिंटमध्ये ताकद वाढलेली दिसली. पण ते सगळे पुरुष होते, आणि सायकलवर होते. पुढच्याच वर्षी ३५ मिलीग्रॅम कॅफीनची चूळ लांब पल्ल्याच्या सायकलपटूंना दिली, तर काहीच फरक पडला नाही आणि रक्तातलं कॅफीनही वाढलं नाही. या विषयावरचं बरंचसं काम पुरुषांवरच झालंय. मुलींच्या १०० मीटरबद्दल छातीठोक सांगावं इतका पुरावा नाही, आणि कुणी मोबाईलवर तसं सांगत असेल तर त्याचं ऐकू नकोस.

आता हिशेब कर. २०१३ च्या प्रयोगातलं द्रावण १.२ टक्के कॅफीनचं होतं. २५ मिलीलीटरची चूळ धरली तर त्यात ३०० मिलीग्रॅम कॅफीन येतं. चमचाभर इन्स्टंट कॉफीत साधारण ६० मिलीग्रॅम असतं. म्हणजे दोन घोट पाण्यात पाच चमचे पावडर, चाटणासारखं घट्ट! त्यातही आपल्याकडच्या दुकानातल्या पुड्यांमध्ये पुष्कळदा चिकोरी मिसळलेली असते, म्हणजे कॅफीन आणखी कमी. घरी कपात ढवळलेल्या कॉफीची चूळ आणि प्रयोगशाळेतली चूळ यांचं फक्त नाव एक.

कॅफीन नेटवरून पावडर म्हणून मिळतं, ते मात्र घरात आणू नकोस. शुद्ध कॅफीनच्या एका चमच्यात वीस-पंचवीस कप कॉफीपेक्षा जास्त कॅफीन असतं. हृदयाचे ठोके बिघडून माणसं दगावली आहेत त्याने.

मी स्वतः करून पाहिलंय, म्हणूनच इतकं लिहिते आहे. दोन वर्षांपूर्वी माझ्या आठ मुलींनी हाच हट्ट धरला होता. एका रविवारी घट्ट कॉफी दिली, दुसऱ्या रविवारी कडुलिंबाच्या पानांचं पाणी. निंब यासाठी, की नुसत्या कडू चवीनेच अंगात झटका येतो का ते पाहायचं होतं. (क्विनाइन या मलेरियावरच्या औषधाच्या कडू पाण्यावर असे प्रयोग झालेत. घोळवून गिळलं तेव्हा ३० सेकंदांच्या स्प्रिंटमध्ये थोडा फायदा दिसला, नुसतं थुंकलं तेव्हा नाही.) एक पोरगी थुंकत म्हणाली, "मॅडम, हे त जहर हाय! पोलीस नाई झाली तरी चालते." पण धावली सगळ्यात जोरात तीच. कुणाची वेळ कॉफीला चांगली आली, कुणाची निंबाला, दोघींच्या वेळेत फरकच नाही.

आणि मग लक्षात आलं की फरक असता तरी मला दिसला नसता. मी वेळ घेते हातातल्या स्टॉपवॉचवर. हाताने घेतलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेशी जुळवायची तर १०० मीटरला ०.२४ सेकंद मिळवायचा रिवाज आहे, कारण अंगठा तेवढा उशिरा दाबला जातो. चुळीचा फायदा झालाच, तर तो या अंगठ्याच्या चुकीत सहज बुडून जाईल.

कॉफी पिण्याचं वेगळं. अभ्यासांत वजनाच्या दर किलोला ३ ते ६ मिलीग्रॅम कॅफीन तासभर आधी घेतलेलं कामाला येतं, आणि २००४ पासून ते उत्तेजकांच्या बंदी यादीत नाही. पण ४५ किलोच्या, कधी कॉफी न पिणाऱ्या मुलीने भरतीच्या पहाटे रिकाम्या पोटी एवढं घेतलं तर हात थरथरतील, पोट बिघडेल, आणि गोळाफेकीत गोळा हातातून सुटेल. एकत्रित हार्मोनच्या गर्भनिरोधक गोळ्या घेणाऱ्या बाईच्या अंगात कॅफीन जवळपास दुप्पट वेळ रेंगाळतं, हेही कुणी सांगत नाही.

आता मला जे खरं सांगायचंय ते. तुझं हिमोग्लोबिन किती आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांच्या अंगात रक्त कमी निघालं. माझ्याकडे येणाऱ्या मुलींत मी हेच पाहते. ८०० मीटरला दुसऱ्या फेरीत पाय जड होतात आणि पोरी म्हणतात, माझ्यात दमच नाही. दम असतो, रक्त नसतं. ८०० मीटरला २० मार्क आहेत आणि १०० ला १५, हेही ध्यानात घे. प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घे, आणि त्याच दिवशी सिकलसेलचीही (रक्ताच्या आनुवंशिक आजाराची) तपासणी कर. आपल्या विदर्भात तो आजार बराच आहे, आणि तो असताना उन्हात, पाणी न पिता जिवाच्या आकांताने धावणं धोक्याचं असतं. जेवणाला लागून चहा-कॉफी घेऊ नकोस, त्याने अन्नातलं लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू पीळ.

१०० मीटरसाठी स्टार्टवर काम कर. आमच्याकडे पाय रेटून सुटायचे ब्लॉक नाहीत, मुरमात पंजापुरते खळगे करतो आणि रोज दहा वेळा फक्त पहिले २० मीटर धावतो. शिट्टीनंतर मुली लगेच ताठ उभ्या राहतात, तिथेच वेळ जातो. दहा-बारा पावलं वाकूनच काढायची.

एवढं करूनही चूळ भरायची असेल तर सरावाच्या दिवशी भरून पाहा, भरतीच्या मैदानावर पहिल्यांदा नको. हिमोग्लोबिनचा आकडा कळला की इथेच खाली लिही, तो पाहून पुढचं सांगते.