जुनी मेथड काढून टाकण्याआधी

डेप्रिकेटेड, म्हणजे 'आता वापरू नका' अशी खूण केलेल्या मेथड तू कोडमधून काढायला घेतल्या आहेस, हे फार चांगलं केलंस. या कामाला कुणी हात लावत नाही. पण 'कोणी वापरत नाही, मग राहू दे की' हे ऐकू नकोस. २०१२ साली नाइट कॅपिटल या अमेरिकन शेअर ट्रेडिंग कंपनीच्या आठपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढलाच नाही, तिथे कित्येक वर्षं पडून असलेला कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरहून जास्त बुडाले.

मात्र एडिटरने 'वापर शून्य' दाखवलं म्हणून लगेच डिलीट करू नकोस. मेथडचं नाव अख्ख्या रिपॉझिटरीत, म्हणजे प्रोजेक्टच्या सगळ्या फाइलींत, साधा मजकूर म्हणून शोध, कॉन्फिगरेशन आणि टेम्प्लेटमध्येसुद्धा. रिफ्लेक्शनने, म्हणजे प्रोग्रॅम चालू असताना नावावरून मेथड शोधून केलेला कॉल एडिटरला बहुधा दिसत नाही. माझ्या हातून अशीच एक मेथड गेली होती. कंपाइल झालं, टेस्ट पास झाल्या आणि महिनाअखेरीचा रिपोर्ट बंद पडला. नाव एका एक्सएमएल फाइलमध्ये होतं! सबक्लासमध्ये ओव्हरराइड आहे का, म्हणजे तीच मेथड तिथे नव्याने लिहिली आहे का, तेही बघ.

फक्त टेस्टच ती मेथड वापरत असेल, तर टेस्टही काढ. पण ती तपासत असलेलं वर्तन नव्या मेथडच्या टेस्टमध्ये आलंय ना, याची आधी खात्री कर.

कोड कॉमेंट करून ठेवू नकोस, कोडमधला प्रत्येक बदल जपणाऱ्या गिटमध्ये इतिहास आहेच. एका कमिटमध्ये एकच मेथड, म्हणजे रिव्हर्ट, अर्थात तो बदल मागे घेणं, सोपं. आणि ती गेल्यावर तिच्या प्रायव्हेट हेल्पर मेथडही निराधार होतात, तेव्हा शोध पुन्हा एकदा चालव.