प्रोबच्या टोकाला काय लावलंय?

वाळूजचे वाचक : कंट्रोलर कार्डावरचा 3.3 व्होल्टचा स्क्वेअर वेव्ह (चौकोनी सिग्नल) ऑसिलोस्कोपवर, म्हणजे सिग्नलचं चित्र दाखवणाऱ्या स्कोपवर बघतो. प्रत्येक चढाला लाटा उठतात, शेंडा 5 व्होल्टच्या वर जातो. आयसी बदलला, तरी तेच.

आयसीवर आळ घेण्याआधी प्रोबची काळी, ग्राउंडची वायर बघा. क्रोकोडाइल क्लिपची ही वायर साधारण 15 सेंटिमीटर असते. ढोबळ हिशेबाने मिलिमीटरला 1 नॅनोहेन्री, म्हणजे दीडशे नॅनोहेन्री इंडक्टन्स. प्रोबचे 12 पिकोफॅरड धरले, तर दोघांचं रेझोनन्स (दोघं मिळून ज्या फ्रिक्वेन्सीला डोलतात ती) 120 मेगाहर्ट्झच्या आसपास येतं. स्कोपवर लाटांची फ्रिक्वेन्सी मोजा, मग वायर जरा वाकवून बघा. चित्र हललं की समजा, निदान काही लाटा तरी वायरच्याच. आता हुक आणि वायर दोन्ही काढा. प्रोबच्या पाकिटात एक बारकी स्प्रिंग येते (बहुतेक ठिकाणी ते पाकीट फोडलेलंच नसतं!). ती टोकामागच्या धातूच्या कड्यावर बसवून अगदी जवळच्या ग्राउंडला टेकवा. हरवली असेल तर उघड्या तांब्याच्या तारेचे दोन वेढेही चालतात. यानंतरही लाटा उरल्या, तर त्या बहुधा कार्डावरच्याच. मग आयसीच्या आउटपुटला लागून सिरीजमध्ये 33 ओहमचा रेझिस्टर घालून बघा.

लातूर, पॉलिटेक्निक : प्रोब टेकवला की मायक्रोकंट्रोलरचा क्रिस्टल (त्याला क्लॉक देणारा) बंद पडतो.

प्रोबचं बटण 1X वर असणार. तिथे केबलसकट 100 पिकोफॅरडच्या आसपास भार पडतो, आणि क्रिस्टलला लावलेले कपॅसिटरच मुळात 22 पिकोफॅरडचे! 10X (सिग्नल दहापट कमी करून दाखवणारं सेटिंग) करा, स्कोपच्या मेन्यूतही करा, आणि 1 किलोहर्ट्झच्या कॅलिब्रेशन सिग्नलवर प्रोबचा स्क्रू फिरवून चौकोन सरळ करून घ्या. तरी दहा-पंधरा पिकोफॅरड उरतातच. म्हणून क्लॉक आउटपुटची पिन असेल तर तिथेच मोजा.

नांदेड, रिपेअरिंग : एसएमपीएसच्या (स्विचिंग पॉवर सप्लायच्या) प्रायमरीला, म्हणजे मेन्सकडच्या बाजूला क्लिप लावताच एमसीबी पडली. स्कोपच्या प्लगची अर्थ पिन काढू का?

अजिबात नको. क्लिप आतून अर्थलाच जोडलेली असते, म्हणून शॉर्ट झालं. पिन काढली तर स्कोपच्या उघड्या धातूवर मेन्सचा व्होल्टेज येईल, 230 व्होल्टचं शिखर 325 व्होल्ट असतं. डिफरन्शियल प्रोब (अर्थला न जोडता दोन बिंदूंमधला व्होल्टेज मोजणारा) घ्या. महाग आहे, पण दुसरा सुरक्षित जुगाड मी सुचवणार नाही.

परभणी : पंपाच्या मोटारीचं वाइंडिंग मल्टिमीटरवर कधी 1.2 ओहम दाखवतं, कधी 1.6.

दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा. जे 0.2–0.5 दिसेल ते वजा करा. आकडा नाचत असेल तर टोकं घासा, प्लग घट्ट करा. वाइंडिंगा-वाइंडिंगांतला बारीक फरक हवा असेल, तर चार वायरींच्या केल्विन क्लिपचा मीटर लागेल.