रुग्णाला बांधून न ठेवता मानसिक आजारावर उपचार होऊ शकतात का?

तुम्ही लिहिलंय की भरती केल्यावर धाकट्या भावाचे हातपाय पलंगाला बांधले, डॉक्टर म्हणाले ‘दुसरा इलाजच नव्हता’, आणि कागदावर सही तुमची होती. ती सही तुम्हाला टोचतेय, हे वाचतानाच जाणवलं. मी १४ वर्षं मनोविकार वॉर्डात परिचारिका होते. रुग्णाला धरणाऱ्या हातांत माझेही हात असायचे, म्हणून त्या बाजूने उत्तर देते.

बहुतेक वेळा बांधणं टाळता येतं. मात्र चौघं जण पट्टे घेऊन पलंगाशी उभे राहिले की फार उशीर झालेला असतो. ‘इलाज नव्हता’ हे त्या पाच मिनिटांपुरतं खरंही असेल. त्याच्या आधीच्या पाच तासांत काय घडलं, हे मात्र कोणी विचारत नाही.

माझ्या वॉर्डात एक गृहस्थ भरती झाले. काच नको म्हणून त्यांचा चष्मा काढून कपाटात ठेवला होता. दिवसभरात त्यांनी तीनदा चष्मा मागितला, तिन्ही वेळा आम्ही ‘बघू’ म्हणालो. संध्याकाळी त्यांनी ताट भिरकावलं. आम्ही पाच जण धावलो, इंजेक्शन दिलं, बांधलं. रात्री फाइलमध्ये मी लिहिलं, ‘रुग्ण आक्रमक, सहकार्य नाही.’ चष्म्याचा उल्लेखही नाही. आठवड्याने ते मला म्हणाले, “सिस्टर, मला तुमच्यापैकी कोणाचाच चेहरा दिसत नव्हता. नुसत्या आकृत्या अंगावर येत होत्या.” आधीच संशयाने पोखरलेल्या माणसाला ते कसं वाटलं असेल! त्या दिवसानंतर मी फाइलमध्ये आधी काय मागितलं होतं आणि आम्ही काय उत्तर दिलं, हेही लिहायला लागले.

बांधलं की निदान सुरक्षित तरी राहतो, असं घरच्यांना वाटतं. तसं नसतं. पालथं पाडून पाठीवर भार दिला तर श्वास कोंडून मृत्यू होऊ शकतो. तासन् तास हालचाल बंद राहिली तर पायात रक्ताची गुठळी होऊ शकते आणि ती फुप्फुसात जाऊ शकते. शिवाय ज्याला बांधलं, तो पुढच्या वेळी त्रास वाढला तरी दवाखान्याच्या पायरीशी यायला घाबरतो. उपचार तिथेच तुटतात.

हे काही आजचं फॅड नाही. १८३८ साली इंग्लंडमधल्या लिंकन गावच्या मनोरुग्णालयात रॉबर्ट गार्डिनर हिल या डॉक्टरांनी पट्टे-साखळ्या पूर्ण बंद केल्या. पुढच्याच वर्षी डॉक्टर जॉन कोनोली यांनी लंडनजवळच्या हॅनवेलला, आठशेच्या आसपास रुग्ण असलेल्या मनोरुग्णालयात, तेच केलं. भास-संशयाच्या मनोविकारांवरचं पहिलं प्रभावी औषध, क्लोरप्रोमाझिन, यायला तेव्हा शंभराहून जास्त वर्षं बाकी होती! हिल यांचा भर दिवसरात्र लक्ष ठेवणाऱ्या पुरेशा माणसांवर होता. आजही घोडं तिथेच अडतं. रात्रपाळीला एकटी सिस्टर असली की बांधायचे पट्टे लवकर बाहेर काढले जातात.

इंग्लंडमध्येच १५ रुग्णालयांतल्या ३१ वॉर्डांत ‘सेफवॉर्ड्स’ पद्धतीची चाचणी झाली, तिचे निष्कर्ष २०१५ साली प्रसिद्ध झाले. त्या पद्धतीतल्या गोष्टी ऐकायला किरकोळ वाटतात: नकार द्यायचा तर कारण सांगून, सौम्य शब्दांत, वाईट बातमी एकट्याने ऐकायला लावायची नाही, वॉर्डात भांडण झालं तर नंतर बाकीच्या रुग्णांनाही धीर द्यायचा. तरीही धरून ठेवणं, कोंडणं, सक्तीचं इंजेक्शन अशा उपायांचं प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी घटलं.

कधीच कोणाला धरावं लागणार नाही, असं मी म्हणणार नाही. कोणी खिडकीतून उडी टाकत असेल तर मी आजही धरेन. पण धरलं तर कमीत कमी वेळ, पालथं कधीच नाही, एक माणूस डोक्याशी बसून बोलत राहणार, श्वास आणि हातापायांचा रंग बघत राहणार. आणि शांत झाल्यावर त्याच्याशी त्याबद्दल बोलणार. हे शेवटचं सर्रास गाळलं जातं.

घरातल्या सक्तीबद्दलही बोलायला हवं. जेवणात गोळी कालवून देणं, ‘ऐकलं नाहीस तर परत तिथेच टाकू’ म्हणणं, हे प्रेमापोटीच होतं, मला माहीत आहे. पण कालवलेली गोळी सापडली की तो जेवणावरच संशय घेतो, आणि तेव्हा त्याचा संशय खरा असतो.

सहीबद्दल स्वतःला कोसू नका, तुम्हाला पर्याय कोणी सांगितलाच नव्हता. आता भाऊ बरा असताना एक काम करा. त्याच्याजवळ बसा आणि तो सांगेल ते कागदावर उतरवा: त्रास वाढायला लागला की आधी काय बदलतं, कोण जवळ असलेलं चालतं, कोणतं औषध सोसत नाही, काय केलं की तो शांत होतो. अशा आगाऊ लेखी योजनांमुळे सक्तीच्या भरतीचं प्रमाण जवळपास एक चतुर्थांशाने कमी होतं, असं अनेक चाचण्या एकत्र तपासल्यावर दिसलंय. एक प्रत डॉक्टरांकडे द्या आणि ती फाइलला लावून घ्या.

त्या रात्रीबद्दल त्याला विचारा. तो लगेच बोलणार नाही कदाचित. तुमचा राग करेल, सहीचा विषयही काढेल. तेव्हा खुलासा देऊ नका, त्याचं पूर्ण होऊ द्या.